तारेवर नसलेलं पत्र

धुळ्याहून येणाऱ्या सकाळच्या एस.टी.च्या कंडक्टरने दुकानासमोर येऊन सांगितलं, "शेठ, आबा गयात." मी तेव्हा एका बाईला मांजरपाट फाडून देत होतो. कापड अर्धं फाटलं आणि पुढे हात चालेना. शेवटी तीच म्हणाली, "ऱ्हाऊ द्या भाऊ, मी मंग लई जासू." ते कापड अजून तसंच फळीवर पडून आहे. आबा आमच्या भागाचे आमदार होते. दोनदा निवडून आले, तिसऱ्यांदा पडले. ते का पडले हे फक्त दोन माणसांना माहीत होतं. त्यातले एक गेले, उरलो मी.

आमचं घराणं मूळचं राजस्थानचं. आजोबा गिरणेच्या काठी आले, भडगावच्या पुढे या गावात कापडाचं दुकान थाटलं, आणि आम्ही इथलेच झालो. घरात मारवाडी, ओट्यावर अहिराणी आणि लिहायला मराठी, अशा तीन भाषा माझ्या तोंडात बसलेल्या. म्हणूनच आबांनी मला हेरलं असावं. अधिवेशन निम्म्यावर आलं की मुंबईहून त्यांचं पत्र यायचं. निम्म्यावरच का, तर ते म्हणायचे, सगळं संपल्यावर कळवून काय उपयोग, लोकांना काही सांगायचं असेल तर मला तिथे उभं राहून बोलायला अजून दिवस हवेत. पत्रात आकडे घालून विषय लिहिलेले असत, आणि जे होणार नाही ते सगळ्यात वर. झालेली कामं खाली, एका ओळीत, लाजत लाजत. मी म्हणायचो, "आबा, चांगलं आधी लिहीत जा, लोक खूश होतील." ते नुसते हसायचे.

बाजाराच्या दिवशी मी ओट्यावर स्टुलावर उभा राहून पत्र वाचायचो. कागदातली मराठी वाचायची आणि लगेच अहिराणीत सांगायची, अशी माझी पद्धत. शे-दीडशे माणूस जमायचं. वाचून झालं की पत्र गल्ल्यामागच्या तारेत टोचायचो. जाड तार, खाली लाकडाची चकती, वर आकडा... दुकानात कागद अडकवायला असते ती. कुणीही यावं, पत्र काढून बघावं, पुन्हा लावावं. ज्यांना वाचता येत नसे, तेसुद्धा येऊन आबांची सही बघून जायचे.

सीताअक्का प्रत्येक वाचनाला पुढे बसायची. तिची थोरली लेक बाळंतपणात अडली, बैलगाडीतून धुळ्याला नेताना वाटेतच गेली. तेव्हापासून तिचा एकच प्रश्न, "भाऊ, दवाखानानं काय लिखेल शे?" गावात बाळंतिणीची खोली असलेला दवाखाना व्हावा म्हणून आबा दोन वर्षं झगडत होते. त्या साली अक्काची धाकटी लेक पोटुशी होती. ती आईच्या शेजारीच डोक्यावर पदर घेऊन बसली होती. मी पत्र उघडलं. पहिल्याच ओळीत लिहिलं होतं: "क्रमांक एक. दवाखान्याचा विषय या अधिवेशनात येणार नाही. मी तो सर्वांत आधी मागितला होता. माझं बोलणं कमी पडलं. पुढच्या वेळी पुन्हा तोच आधी मागेन." मी मान वर केली. त्या पोरीने माझ्याकडे पाहिलं, आणि माझ्या तोंडून निघालं, "दवाखाना मंजूर झाला."

एकच गलका झाला. अक्काने पदराच्या गाठीतला गूळ काढून दिसेल त्याच्या हातावर ठेवला, माझ्याही. तो गूळ मी खाल्ला. शब्द मागे घ्यायला अजून वेळ होता, पण मला धीर झाला नाही. पत्र मी तारेत लावलं नाही, गल्ल्यातल्या लाल फडक्याखाली सारलं.

अधिवेशन संपून आबा परतले तेव्हा स्टँडवर वाजंत्री होती. दवाखाना आणला म्हणून अक्का हार घेऊन पुढे झाली. "दवाखाना लई उनात तुम्ही, आबा." आबांनी गर्दीवरून नजर फिरवली आणि ती माझ्यावर येऊन थांबली. क्षणभरच. मग ते तिला म्हणाले, "अक्का, दवाखाना आजून मंजूर नही. मन्हा लिखामा चूक व्हयनी." माझी चूक त्यांनी आपल्या लिहिण्यावर घेतली. वाजंत्री थांबली. हार अक्काच्या हातातच राहिला.

संध्याकाळी ते दुकानात आले, पत्र मागून घेतलं, वाचलं आणि घडी करून परत दिलं. म्हणाले, "तुमले आठेच, ह्याच गावमा ऱ्हानं शे, शेठ. लोके पत्र ऐकाले तुमनाजोडेच येतीन. मी तं मुंबईले निंघी जासू." मी म्हणालो, पुढच्या बाजारी मी खरं सांगतो. ते म्हणाले, "सांगा." अडवलं नाही त्यांनी मला... हे आज मुद्दाम लिहितो. मीच सांगितलं नाही. दुसऱ्याच दिवशी त्यांनी अक्काच्या लेकीला धुळ्याला आपल्या बहिणीकडे नेऊन ठेवलं. ती सुखरूप सुटली. पण निवडणुकीत ते कुणाला आठवलं नाही, आठवलं ते खोटं पत्र. विरोधकांनी माझ्याच ओट्यावर उभं राहून ती गोष्ट रंगवून सांगितली, आणि भाषण झाल्यावर मी त्यांना प्यायला पाणी दिलं. आबा पडले.

दवाखाना पुढे झाला. कोनशिलेवर दुसऱ्याचं नाव आहे. उद्घाटनाला आबा मागे उभे राहून टाळ्या वाजवत होते. नंतरही ते दुकानात यायचे, बसायचे, जाता जाता तारेकडे बघायचे, आणि मी कापडाचं थान उलगडायला घ्यायचो. गेल्या महिन्यात धुळ्याच्या इस्पितळात भेटलो. धाप लागत होती त्यांना. "ते पत्र तारेवर लावं का, शेठ?" म्हणाले. मी म्हणालो, अजून नाही, लावतो. त्यांनी डोळे मिटले. "आधी वाची टाका. जसं शे तसं."

परवाच्या बाजारी वाचलं. त्यांच्या कानावर पडायला हवं होतं ते, आणि मी त्यांच्या मरणाची वाट पाहिली. याची लाज मला जन्मभर पुरेल. सीताअक्का आता काठी टेकत येते. तिने सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "इतलंच व्हतं का रे, भाऊ?"

लोक पांगल्यावर मी तार खाली घेतली. पत्र त्याच्या जागी लावायचं म्हणजे नंतरची पत्रं आधी काढायला हवीत. ती काढली. आबा पडेपर्यंत आलेली, दोनच होती.