मामाची जीप आणि लाल ऑइलपेंट

आमच्या जुन्या जीपला मी स्वतः ब्रशने रंग दिला, आणि त्याची मला अजून लाज वाटते.

निमित्त होतं सुमनच्या लग्नाचं. सुमन म्हणजे सापगावच्या माझ्या बहिणीची मुलगी. नवरीला मांडवात मामाने न्यायचं असतं, आणि मामा मी! बहीण भाड्याची गाडी सांगायला निघाली तर मी छातीवर हात मारून म्हणालो, "नवरी मामाच्याच जीपमधनं जाणार." मग दिसेल त्या लोखंडाला लाल ऑइलपेंट फासला. बोनेट उघडून, वायरी सोडून आतूनसुद्धा. (हात एकदा फिरायला लागला की थांबतो थोडाच?)

हळदीच्या दिवशी जीप सापगावला नेली आणि तिला वेड लागलं. ब्रेक दाबला की इंडिकेटर लागायचा, हॉर्न दाबला की हेडलाइट मंद व्हायचे. नाक्यावर गाड्यांची वायरिंग करणारे रघुनाथकाका आहेत, त्यांना बोलावलं. त्यांनी बोनेटखाली डोकावून विचारलं, "रंग द्यायच्या आधी असं व्हत व्हतं का?"

मला ते झोंबलं. "रंगाचा काय संबंध? वायरी बघा की."

"अर्थिंगचा बोल्ट सोडून बघतो ना."

"माझ्या रंगाला पाना लावायचा नाय. काम येत नसंल तर तसं सांगा!" हे मी भर मांडवात, हळद लावायला जमलेल्या बायकांसमोर बोललो. काकांनी पाना पिशवीत टाकला आणि ते निघून गेले.

दुसऱ्या दिवशी लग्न किन्हवलीला, नवऱ्याच्या दारी. वऱ्हाडाचे टेम्पो पुढे गेले, गावातल्या रिक्षाही त्यांच्यासोबतच. मागे उरलो मी, नवरी आणि हार घातलेली जीप. चावी फिरवली. कट्! पुन्हा फिरवली, तर तेवढंही नाही. मी डॅशबोर्डखाली शिरलो, सगळ्या वायरी ओढून पाहिल्या, फ्यूज काढून धोतराच्या सोग्याला पुसले. तेवढ्यात बहिणीचा फोन. "दादा, भटजी घड्याळ बघतान रे."

"निघालोच," मी डॅशबोर्डखालून सांगितलं.

शेवटी काकांना सुमननेच फोन केला. मला तोंडच नव्हतं.

काका स्कूटरवरून आले आणि थेट त्याच बोल्टापाशी वाकले. "करंट वायरीनं जातो आन् गाडीच्या लोखंडातनं परत येतो. तुमी लोखंडाला रंग फासून वर वायर आवळली. परत येणार कुठनं?" त्यांनी पाना लावला, पण बोल्ट रंगात रुतून बसलेला. "अर्धा तास लागंल. मुहूर्त नाय थांबायचा."

सुमन शालू सावरत काकांच्या मागे स्कूटरवर बसली. "मामा, तुमी या मागनं."

काकांनी ठेवलेल्या पान्याने मी घाम गाळत बोल्ट सोडवला, खालचा रंग खरवडला, वायर बसवली. जीप एका चावीत सुरू! हॉर्न वाजवत किन्हवलीला पोचलो तेव्हा पहिली पंगत बसली होती. अक्षता पडून गेल्या होत्या. भटजींनी "मामा कुठंय?" म्हणून हाका मारल्यावर सुमनने काकांनाच आपल्या मागे उभं केलं होतं. मामाच्या मानाची टोपी पंगतीत बसलेल्या काकांच्या डोक्यावर होती आणि उपरणं खांद्यावर.

मेल्याहून मेल्यासारखं झालं. तसाच त्यांच्यापुढे जाऊन उभा राहिलो. "काका, काल माझं चुकलं."

काकांनी सरकून शेजारी जागा केली आणि वाढप्याला हाक मारली, "ह्यांना पान वाढ रे. आमच्या भाचीच्या लग्नाला आलेत."