छोट्या फेरीची चिठ्ठी

दातांच्या त्या दवाखान्यात खुर्ची डॉक्टरांची असली, तरी राज्य मावशींचं होतं. राजधानी म्हणजे मागची एवढीशी खोली: एक बेसिन, एक वाफेचं यंत्र आणि मावशी. चौथ्याला जागा नाही. रुग्णाच्या तोंडात जाऊन आलेलं प्रत्येक हत्यार इथे घासलं जायचं, धुऊन कोरडं व्हायचं, कागदी पाकिटात बंद व्हायचं आणि यंत्रात वाफ खाऊन निघायचं. पाकिटावर मावशी पेन्सिलीने तारीख आणि फेरीचा नंबर घालायच्या. यंत्र प्रत्येक फेरीची चिठ्ठी छापून द्यायचं, किती तापलं आणि किती वेळ. ती चिठ्ठी वाचून वहीत चिकटवल्याशिवाय त्या फेरीचं एकही पाकीट फोडायचं नाही, हा मावशींचा कायदा. डॉक्टरांनाही तो लागू होता.

बावीस वर्षांपूर्वी त्या इथे फरशी पुसायला आल्या, सातवी शिकून. डॉक्टरांच्या वडिलांनी त्यांना हे काम शिकवलं आणि पुढे तेच त्यांना वचकून राहायला लागले. एकदा खाली पडलेला दात बघायचा आरसा डॉक्टरांनी नकळत उचलून ट्रेमध्ये ठेवला, वर एक फुंकरही मारली. मावशींनी रुग्णासमोर तो उचलून नेला. जाता जाता म्हणाल्या, "फुंकरीने जंतू मरत असते, तर एवढं यंत्र कशाला घेतलं असतं?" औषध कंपन्यांची इस्त्रीच्या कपड्यांतली पोरं पाठीमागे त्यांना इन्स्पेक्टर म्हणत. मावशींना हे माहीत होतं, आणि खरं सांगायचं तर आवडतही होतं.

अशा माणसाला थोडा तोरा असतोच. मावशींचा तोरा निघायचा तो नेमका विहीणबाईंसमोर. विहीणबाई म्हणजे सुनेची आई, निवृत्त मुख्याध्यापिका. समोर कोणीही आलं की मनातल्या मनात गुण देणार आणि बहुतेकांना नापास करणार. "तुमचं काम म्हणजे भांडी घासण्यासारखंच ना?" असं त्या एकदा सहज बोलून गेल्या होत्या. मावशींनी ते गिळलं, पण पचवलं नाही. विहीणबाईंची दाढ ठणकायला लागली तेव्हा मावशींनी लगेच संधी साधली. "आमच्याकडेच या. सुई टोचेल तेवढीच, बाकी काळजी माझी."

विहीणबाईंना सकाळी दहाची वेळ दिली होती. त्या आल्या साडेनऊला. मग काय, इन्स्पेक्टरची पार विहीण झाली. पंखा लावा, पाणी द्या, डॉक्टरांशी ओळख करून द्या, जुन्या मऊ खुर्चीवर बसवा. या गडबडीत आदल्या संध्याकाळच्या शेवटच्या फेरीची चिठ्ठी मावशींच्या अॅप्रनच्या खिशातच राहिली. बावीस वर्षांत पहिल्यांदा पाकीट आधी फुटलं. विहीणबाईंची दाढ पाच मिनिटांत निघाली. त्यांच्यामागून एक टेलर आणि एक बँकेतली मुलगी, दोघांचंही काम त्याच फेरीच्या हत्यारांनी झालं.

साडेअकराला मावशी वही घेऊन बसल्या. डिंक लावला, चिठ्ठी वाचली आणि पायाखालची जमीन सरकली. चिठ्ठीवर छोटी फेरी छापलेली होती.

काल संध्याकाळी त्यांनी आधी उघडे ट्रे वाफेला लावले होते. उघड्या वस्तूंना छोटी फेरी पुरते, पाकिटांना मोठी लागते. मग पाकिटं आत ठेवली आणि बटण दाबलं. यंत्र मागची फेरीच लक्षात ठेवतं, ती बदलावी लागते. मावशींनी बदलली नव्हती. पाकिटावरची वाफ लागली की रंग बदलणारी खूण तेवढ्यानेही काळी झाली होती, त्यामुळे बाहेरून सगळं ठीकठाक. आत वाफ पुरेशी पोचली की नाही, देव जाणे.

कुणाला कळणार होतं? कुणालाच नाही. ती वही मावशींशिवाय कुणी उघडत नव्हतं. चिठ्ठी बेसिनच्या पाण्यात विरघळली असती, तर कुणालाही ताकास तूर लागली नसती. मोह झाला नाही असं मी सांगणार नाही. नोकरी जाईल ही भीती होतीच. त्याहून मोठी भीती होती ती विहीणबाईंच्या चेहऱ्याची.

मग त्यांनी उरलेली पाकिटं टोपलीत गोळा केली आणि टोपली डॉक्टरांच्या टेबलावर नेऊन ठेवली.

"डॉक्टर, ही वापरू नका. माझी चूक झाली. तीन जणांना वापरून झाली आहेत."

डॉक्टरांनी चिठ्ठी दोनदा वाचली. "धुतलेली होती, वाफही लागली आहे. धोका अगदी नगण्य, मावशी."

"नगण्य म्हणजे नाही असं का?"

डॉक्टरांनी चिठ्ठी खाली ठेवली. तीन माणसांना बोलावून आपणच आपली चूक सांगायची, म्हणजे हात दाखवून अवलक्षण. गावभर बोभाटा व्हायचा. पण शेवटी त्यांनी फोन उचलला. टेलरला आणि त्या मुलीला त्यांनी स्वतः सांगितलं, दोघांच्या रक्ताच्या तपासण्या ठरवल्या. तिसरा नंबर लावायला लागले, तेव्हा मावशींनी त्यांचा हात धरला.

"तिथे मी जाते."

विहीणबाई गालाला बर्फ लावून बसल्या होत्या. मावशींनी दारातच सगळं सांगून टाकलं. यंत्राला दोष दिला नाही, आणि तुम्ही लवकर आलात म्हणून असं झालं, हेही म्हणाल्या नाहीत. जीभ वळवळली असेल, पण नाही म्हणाल्या. विहीणबाई ऐकत राहिल्या. दाढेमुळे त्यांना बोलता येत नव्हतं की बोलायचं नव्हतं, हे कळायला मार्ग नव्हता. शेवटी त्यांनी दार लावून घेतलं.

त्यानंतर मावशींच्या घरात विहिणीचा फोन येणं थांबलं. सून दोन्हीकडून कात्रीत सापडली. मावशी मात्र दवाखान्यात बटण दाबण्याआधी फेरीचं नाव मोठ्याने वाचायला लागल्या, रुग्ण ऐकोत की हसोत. तिघांच्या तपासण्या झाल्या, ठरलेल्या दिवसांनी पुन्हा झाल्या, सगळ्या निर्दोष आल्या. डॉक्टरांनी सुटकेचा निःश्वास टाकला. मावशींना त्या दिवशी जेवण गेलं, एवढंच. विहीणबाईंकडून अवाक्षर नाही.

साडेतीन महिन्यांनी एका दुपारी दवाखान्याचं दार उघडलं. विहीणबाई आत आल्या, हाताला धरून सहा वर्षांची नात. दोघींची एकुलती एक. तिच्या दाढेला कीड लागली होती.

मावशी ग्लोव्ह्ज काढत बाहेर आल्या आणि गोंधळून उभ्या राहिल्या. "हिला इथे आणलंत?"

विहीणबाईंनी खुर्चीत बसून पर्स मांडीवर ठेवली, चष्मा सारखा केला.

"आधी चार दवाखाने फिरले. प्रत्येक ठिकाणी एकच प्रश्न विचारला, तुमच्याकडे चूक झाली तर काय करता? चौघेही म्हणाले, आमच्याकडे चूक होतच नाही."

मावशींनी काढलेले ग्लोव्ह्ज कचऱ्याच्या डब्यात टाकले.

"म्हणून इथे आणली," विहीणबाई म्हणाल्या आणि नातीचा हात मावशींच्या हातात दिला.