काम नसताना आलेला फोन

वंदनादीदींनी मला ग्रुपमधून हाकललं होतं. सगळ्यांसमोर.

आज सकाळी त्या गेल्या.

मी इकडे हैदराबादला ड्युटीवर. ऑपरेशन थिएटरच्या बाहेर येऊन मोबाइल पाहिला, तर त्यांच्या पोरीचा मेसेज.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी लिहितो. दीदी रायपूरच्या एका हॉस्पिटलात इन्चार्ज सिस्टर होत्या. माहेर वर्ध्याचं, नवरा रेल्वेत. मी त्यांच्या वॉर्डात अटेंडंट. आठवी पास. त्याआधी बीरगावच्या फॅक्टरीत होतो. कुठंच जीव रमत नव्हता, फक्त बाहेर पडायचं होतं.

दीदींचा एक व्हॉट्सॲप ग्रुप होता. सिस्टर, टेक्निशियन, अटेंडंट, ॲम्ब्युलन्सवाले. काही रायपूरचे, काही नागपूर-हैदराबादला गेलेले. मी मागंच लागलो, म्हणून मला ॲड केलं.

मला वाटलं, लॉटरी लागली.

लगेच बायोडेटा टाकला. गॉगलवाला फोटो. खाली ‘प्लीज जॉब’. कोणी बोललं नाही म्हणून परत टाकला. मग अजून एकदा.

त्याच वेळी अभनपूरहून एक जण विचारत होता, वडिलांना घेऊन निघालोय, आयसीयूत बेड कुठं रिकामा आहे? त्याचा मेसेज माझ्या फोटोंच्या खाली दबला. बेड मिळाला, पण उशिरा. दीदींनी त्याच रात्री मला ग्रुपमधून काढून टाकलं.

दुसऱ्या दिवशी वॉर्डात दीदी.

“काहून बे? तिकडं माणूस मरून राहिला, अन् तू फोटो टाकून राहिला?”

“दीदी, ओळख वाढवत होतो. नोकरी पाहिजे होती.”

“हव. सगळ्यांनी तुले ओळखावं. तू कोणाले ओळखतं?”

मी मोबाइल खिशात घातला.

“अन् बारावी कधी झाला बे तू? बायोडेटात तर झालेला दिसतं!”

सगळा स्टाफ हसला. मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं.

मग त्यांनी काम लावून दिलं. आपला पेशंट दुसऱ्या हॉस्पिटलात गेला की तिथल्या अटेंडंटला फोन करायचा. फाइलमध्ये नसतं ते सांगायचं. बाबांना डाव्या कानानं ऐकू येत नाही, उजवीकडून बोला. आजीला हात धरल्याशिवाय उठवू नका, घाबरते.

“अन् नोकरीचा न बी काढायचा नाही. समजलं?”

सुरुवातीला लाज वाटायची. समोरचा म्हणायचा, कौन भाई तू? हळूहळू तेच लोक मला फोन करायला लागले.

एक दिवस हैदराबादहून फोन आला. “वो बाबा के कान की बात बोला सो पोट्टा तू इच ना? इधर जगह है. आता क्या?”

हैदराबादवाल्यांनी दीदींना माझ्याबद्दल विचारलं तेव्हा दीदी साफ बोलल्या, “आठवी पास है. झूठ नहीं बोलूँगी. लेकिन पेशंट को सामान जैसा नहीं उठाता.”

आठवी कशाला सांगितली म्हणून मी चिडलो होतो. नोकरी त्यावरच लागली.

इकडे आल्यावर मीही पुष्कळांना नोकरीला चिकटवलं. माझ्या फोनमध्ये आज दहा हॉस्पिटलची माणसं आहेत. मला वाटायचं, दीदींचं सगळं शिकलो.

दिवाळीनंतर त्यांचा फोन आला होता.

“काय करून राहिला रे?”

“बोला ना दीदी. कोणाला लावायचंय? काय काम आहे?”

दीदी हसल्या. “काही काम नाही रे. असाच केला.”

मी म्हटलं, ड्युटीवर आहे, नंतर करतो.

नंतर केला नाही.

आज त्यांच्या पोरीनं सांगितलं. दिवाळीनंतरच्या त्या फोनच्याच दिवशी आईच्या आजाराचा रिपोर्ट आला होता. अख्ख्या फोनमधून तिनं चारच जणांना फोन लावले. घरचे तिघं. अन् तू.

दीदी, नमस्कार करतो. माफ करा मले.

तुमचा पोट्टा.