चोपण जमिनीचा करार

बुलढाण्याच्या कॉलेजात मी रसायनशास्त्र शिकवते. पीएच.डी. मातीवर केली होती, पण नंतरची बरीच वर्षं प्रॅक्टिकल, पेपर तपासणी आणि मूल्यांकनाच्या फायली यांतच गेली. त्यामुळे एका खतकंपनीच्या संशोधन विभागातून फोन आला तेव्हा आधी मला तो चुकून लागलाय असंच वाटलं.

कंपनीनं चोपण, म्हणजे क्षारांनी बिघडलेल्या जमिनीसाठी एक दाणेदार भूसुधारक तयार केला होता आणि पूर्णा नदीकाठच्या शेतांत त्याची चाचणी करायची होती. खर्च कंपनीचा, काम आमचं. प्रयोगशाळेला नवं यंत्र मिळणार होतं आणि मदतीला एक पगारी संशोधन सहायक. बाहेरच्या पैशावर संशोधन असं आमच्या कॉलेजात आजवर झालंच नव्हतं. प्राचार्यांनी करार यायच्या आधीच स्टाफरूममध्ये पेढे वाटले.

मी राजूर घाट उतरून मलकापूर, तिथून वडनेर भोलजी अशी जमीन शोधत हिंडू लागले. तिकडची चोपण पावसात चपलेला चिकटून पाय उचलू देत नाही आणि वाळली की पाटीसारखी कडक होते. वडनेरच्या काही शेतकऱ्यांनी आपली वावरं दाखवली, त्यांत एक काकू होत्या. नवरा ट्रॅक्टर दुरुस्तीच्या कामात, शेती त्याच पाहत. बांधावर बसवून त्यांनी मला पाणी दिलं आणि सरळ विचारलं.

"मांगं बी असेच लोक आले होते, मॅडम. माती नेली, फोटू काढले. पुन्हा कोनी तोंड दाखोलं नाही. तुमी सांगसान का काय निंगालं थे?"

"सांगणार, काकू."

"चाललं तरी सांगा, नाही चाललं तरी सांगा. नाही चाललं थे पयले सांगा."

मी हो म्हणाले. त्यात काही अवघड असेल असं तेव्हा वाटलं नाही.

पावसाळ्यात कंपनीचा करार आला. इंग्रजी, जाडजूड. पानं उलटता उलटता एका कलमाशी मी थांबले. कंपनीच्या लेखी परवानगीशिवाय प्रयोगातला कोणताही निष्कर्ष कोणत्याही त्रयस्थ व्यक्तीला कळवता येणार नव्हता. त्रयस्थ म्हणजे कोण, याची व्याख्या शेवटच्या पानावर होती. कंपनी आणि कॉलेज सोडून सगळे. म्हणजे काकूसुद्धा.

मी प्राचार्यांकडे गेले. त्यांनी चष्मा वर करून ते कलम वाचलं.

"सगळे करार असेच असतात, मॅडम. सही करून टाका. पुढचं पुढे बघू."

"सर, मी त्यांना सांगेन म्हणून कबूल केलंय."

"मग सांगा की हळूच. कोण बघायला येतंय?"

तसंही करता आलं असतं. पण कागदावर एक लिहायचं आणि वावरात दुसरं बोलायचं, हे मला जमलं नसतं. करार हातातून गेला तर यंत्र गेलं, सहायक गेला, आणि पेढे खाल्लेले सगळे मला काय म्हणतील तेही दिसत होतं. दोन-तीन दिवस करार टेबलावर तसाच पडून होता.

शेवटी मी विद्यापीठात असे करार तपासणाऱ्या बाईंना फोन केला. त्यांना मी कधी भेटले नव्हते. त्यांनी कलम वाचून दाखवायला सांगितलं आणि शांतपणे म्हणाल्या, "हा मसुदा आहे ना? मग बदलून मागा."

"असं मागता येतं?"

"मसुदा पाठवतात कशाला मग? नुसतं 'हे नको' म्हणू नका. त्याऐवजी काय हवं ते लिहा. त्यांना कसली भीती आहे तेही विचारा. बहुतेक वेळा ती भीती लहान असते आणि कलम मोठं."

फोन ठेवल्यावर मला हलकं वाटलं. इतकं शिकूनही करार म्हणजे सही करायची किंवा परत पाठवायचा, एवढंच मला ठाऊक होतं.

मी बदल लिहून पाठवले. कंपनीच्या वकिलांचा नकार लगेच आला. पण ज्यांनी मला पहिला फोन केला होता ते संशोधन विभागाचे साहेब जमीन पाहायला येणारच होते. मी त्यांना वडनेरला घेऊन गेले. काकूंनी वावर फिरवून दाखवलं, वरचा भाग, नाल्याकडचा खोलगट भाग, कुठं पाणी तुंबतं ते. मग मी कलमाचा विषय काढला.

साहेब मोकळेपणानं बोलले. "आमचा माल अजून बाजारात नाही. अर्धवट निकाल बाहेर गेला, किंवा दाणेच दुसऱ्या कंपनीच्या हाती लागले, तर आमची इतक्या वर्षांची मेहनत जाईल."

काकूंनी ऐकून घेतलं. "दाने कोनाले देत नाही मी. पोतं कुलपात ठेवतो. शेजाऱ्यानं मांगतले तरी नाही देत. पन माझ्या वावरात काय झालं थे मलेच नाही सांगसान, तं वावर कोनाचं?"

साहेबांनी विचारलं, "तुमच्या वावरापुरतं सांगितलं तर चालेल?"

"मले माझ्याच वावराचं पाह्यजे. गावाचं मी काय करू?"

परतीच्या वाटेवर साहेबांनी गाडीतच वकिलांना फोन लावला. बोलणं बराच वेळ चाललं, आवाजही चढला. तरी उत्तर काही आलं नाही. हरभऱ्याची पेरणी तोंडावर आली. प्राचार्य रोज विचारायचे, मी रोज नाही म्हणायचे. एक दिवस मात्र त्यांनी माझ्यासमोर कंपनीला फोन केला. मला वाटलं, आता सर माघार घेणार. ते म्हणाले, "आमच्या मॅडमनी शेतकऱ्यांना शब्द दिलाय. तो कॉलेजचा शब्द आहे. तुम्ही लवकर कळवा, नाहीतर हंगाम जाईल." फोन ठेवून त्यांनी समोरची फाईल उघडली आणि माझ्याकडे न पाहता म्हणाले, "पेढे मी वाटले होते ना."

पेरणीआधी सुधारलेला करार आला. ज्याचं वावर, त्याला त्याचे निष्कर्ष तपासणी होताच कळवायचे. शोधनिबंध छापण्याआधी कंपनीला ठराविक मुदतीत वाचायला द्यायचा. दाणे बनवण्याची कृती तेवढी कंपनीला वगळता येईल, निकाल वगळता येणार नाही. मी सही केली.

शेतकऱ्यांशी वेगळा करार करायचा मी ठरवलं. एका पानाचा, मराठीत. काकूंच्या ओसरीवर बसून मोठ्यानं वाचला. मध्येच त्यांनी थांबवलं.

"लाभार्थी म्हंजे?"

"ज्याला फायदा मिळतो तो."

"मी लाभार्थी काऊन? वावर माझं, राबतो मी. फायदा होते का नाही थे तं तुमालेबी माईत नाही."

मी तो शब्द खोडला आणि वर 'सहभागी शेतकरी' लिहिलं. त्यांनी ते दोनदा वाचलं, मगच सही केली.

काम सुरू झालं. वरच्या आणि खोलगट अशा दोन्ही भागांत आम्ही वाफे पाडले, काहींत दाणे टाकले, काही तसेच ठेवले. दोन हंगाम झाल्यावर चित्र स्पष्ट झालं. वरच्या भागात माती भुसभुशीत झाली होती, हरभरा दाट आला होता. खोलगट भागात दाण्यांचा काहीच उपयोग नव्हता. पाणी तुंबत होतं तिथं तुंबतच होतं.

मी कागद घेऊन ओसरीवर गेले. नाही चाललं ते आधी सांगितलं.

काकूंनी मान हलवली. "खालच्या आंगाले टाकू नये म्हनजे."

"आधी चर काढून पाण्याला वाट द्या, मग टाकून बघू."

"हाव. चर मी काढतोच. लय दिसापासून मनात होतं."

कंपनीला हा निकाल आवडणार नाही अशी माझी धाकधूक होती. साहेबांनी निबंध मुदतीत वाचला आणि एक रासायनिक नाव तेवढं वगळलं. माल बाजारात आला तेव्हा पिशवीवर मराठीत छापलं होतं, पाण्याचा निचरा नसलेल्या जागी आधी चर काढावेत. निबंधात आम्ही शेतकऱ्यांचे आभार मानले, त्यांना विचारून. काकूंनी छापील पान मुलीकडून वाचून घेतलं. आपला उल्लेख इंग्रजीत कसा दिसतो, ते बोट ठेवून पाहिलं.

यंदा डोणगावच्या शेतकरी गटाचे लोक कॉलेजात आले. सोयाबीन साठवताना बियाण्याची उगवण का कमी होते, याचा अभ्यास आम्ही करावा आणि थोडा खर्च गटानं द्यावा, असं त्यांच्या मनात होतं. म्हणजे या वेळी प्रायोजक शेतकरीच. प्राचार्यांनी त्यांना माझ्याकडे पाठवलं. मी आधीच्या करारावरून केलेला एक मराठी मसुदा काढून टेबलावर ठेवला आणि म्हटलं, "घरी न्या, बसून वाचा. जे पटणार नाही ते बदलून मागा."

त्यांच्यातल्या एका आजोबांनी चष्मा लावला. "घरी कायले? इथंच वाचतो. चहा सांगा, अन् एक पेन द्या."