धुतलेल्या काचा

नोकरीत हाताळलेली बहुतेक प्रकरणे आता एकमेकांत मिसळून गेली आहेत. कोणत्या चोराने कोणते कुलूप फोडले, हे विचारले तर मला सांगता येणार नाही. कर्जत ठाण्यातले हे एक प्रकरण मात्र जसेच्या तसे लक्षात राहिले आहे. विसरलो असतो तर बरे झाले असते.

दुसरे महायुद्ध सुरू होण्याआधी काही वर्षे मी तेथे फौजदार होतो. पावसाळा सरून भात पिवळे पडू लागले की आमच्या हद्दीत हिवताप जोर करी. ठाण्यातले निम्मे शिपाई कांबळी पांघरून पडलेले असत. त्या वर्षी या रोगाचा अभ्यास करायला मुंबईहून एक डॉक्टर आले आणि त्यांनी भिवपुरीजवळच्या धर्मशाळेत तळ दिला. डोंगराखाली एका ओढ्याच्या दोन अंगांना ठाकूर आदिवासींच्या दोन वाड्या होत्या. डॉक्टर तेथे जाऊन मुलांची पोटे चाचपत, पाणथरी, म्हणजे प्लीहा, किती वाढली ते पाहत. मग बोटाला सुई टोचून रक्ताचा थेंब काचपट्टीवर घेत आणि सूक्ष्मदर्शकाखाली त्यातले जंतू शोधत.

एके सकाळी ते स्वतः ठाण्यात आले. काचपट्ट्यांची पेटी चोरीला गेली होती.

"फौजदार, बाजारात त्या काचांना काडीची किंमत नाही. पण माझं सगळ्या हंगामाचं काम त्यात आहे."

जागेवर जाऊन पंचनामा केला. टेबलावर घड्याळ होते, सूक्ष्मदर्शक होता. कशालाच हात लागलेला नव्हता. नेहमीच्या चोराचे हे काम नव्हे, एवढे उघड होते. दुपारी पोलीस पाटलाने खबर आणली, "ओढ्याच्या अलीकडल्या वाडीतला एक ठाकूर मागल्या बाजाराला डॉक्टरांच्या मानसांशी भांडला व्हता, सायब. त्याला इचारून बगा."

त्याला आणले. व्हरांड्यात उकिडवा बसला तो बसलाच. काहीही विचारले की 'मी नाय' एवढेच म्हणे. हवालदार त्याला मागच्या खोलीत घेऊन गेला. मी स्टेशन डायरी लिहीत होतो. थपडांचे आवाज ऐकू येत होते आणि माझा टाक थांबला नाही, हे येथे लिहिलेच पाहिजे.

थोड्या वेळाने हवालदार म्हणाला, "कबूल झाला."

मी त्या माणसाला विचारले, "पेटी केवढी होती?"

त्याने दोन्ही हात पसरले. धान्याच्या कणगीएवढे. खरी पेटी वीतभर रुंद, हातभर लांब होती.

"कुठे टाकलीस?"

"सायब म्हनतील तितं."

पेटी त्याने पाहिलीसुद्धा नव्हती. तरीही मी त्याला सोडले नाही. सुटका करायची तर वर कळवायला दुसरे नाव हवे होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याची बायको ठाण्यात आली. डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर ती पेटी. वाटेत चार माणसांनी पाहिली असणार, पण तिने ती झाकली नव्हती. माझ्यासमोर उतरवून म्हणाली, "त्याला सोडा. त्यानं नाय केलं. मी नेली."

मी पेटी उघडली. प्रत्येक काच आपापल्या खाचेत नीट उभी होती. आणि प्रत्येक काच स्वच्छ. रक्ताचा डाग नाही, चिकटवलेली चिठ्ठी नाही.

"हे काय केलंस?"

"ओढ्यावर नेल्या. राखेनं घासल्या."

"का?"

बाई खाली बसली. तिने सांगितले ते मी जबाबात उतरवून घेतले, पण कारकुनी भाषेत. तिचे शब्द असे होते: "पल्याडच्या वाडीला कडू गोळ्या देत व्हते. आमाला नुसती सुई. माज्या पोरीला तीन डाव टोचली. तिला थंडी भरली तवा ह्यो गोळ्या मागाया गेला, तर तुमच्या वाडीला नाय म्हनले. पोर गेली, सायब. ती गेली आन् तिचं रगत त्यांच्या पेटीत. कंची काच तिची, मला काय वाचता येतंय? म्हनून समद्या धुतल्या."

हवालदार उठून बाहेर गेला. मी नवऱ्याला सोडून दिले. त्याचा गाल सुजला होता.

पेटी ओळखायला डॉक्टर आले. एकेक काच उजेडाकडे धरून पाहिली आणि परत खाचेत ठेवली. नुकसानीची नोंद करायला मी त्यांची वही मागितली. तीत मुलीचे नाव सापडले, वय सहा. पाणथरी मोठी. रक्तात जंतू, तिन्ही वेळा. औषधाच्या रकान्यात आडवी रेघ. खालपर्यंत त्या वाडीतल्या प्रत्येक नावापुढे तशीच रेघ होती.

"हिवतापावरचं कोयनेल नव्हतं का तुमच्याजवळ?"

"होतं." "एका वाडीला द्यायचं, एकीला नाही. मग दोन्हींतला फरक मोजायचा. त्याशिवाय औषधाचा गुण, किती द्यावं, कधी द्यावं, हे सिद्ध कसं होणार? पुढे लाखो माणसं वाचतील, फौजदार."

"तुम्ही स्वतः घेता?"

"रोज," ते म्हणाले, आणि त्यांनी मान खाली घातली. माणूस दुष्ट नव्हता. तसा असता तर मला सोपे गेले असते.

त्यांच्यावर लावायला माझ्याकडे कलम नव्हते. बाईवर लावायला होते, ते मी लावले. वही मुद्देमालात जोडली, तेवढेच माझ्या हातात होते. खटला मामलेदारांच्या कोर्टात गेला; त्यांनी ती चाळली आणि बाजूला ठेवली. गुन्हा कबूल आहे का, असे विचारल्यावर बाई म्हणाली, "धुतल्या ते कबूल. चोरल्या नाय. त्यात एक माजी व्हती."

कोर्ट उठेपर्यंत कैद, एवढीच शिक्षा झाली. ती भिंतीशी बसून राहिली आणि संध्याकाळी नवऱ्याबरोबर चालत गेली.

पुढच्या आठवड्यात पोलीस पाटील सांगत आला की, अलीकडच्या वाडीतही घरोघर कोयनेल वाटत आहेत. धर्मशाळेवरून जाताना मी डॉक्टरांना विचारले. ते सामान बांधत होते. म्हणाले, "काचा गेल्या, वही कोर्टात अडकली. आता मोजायला काही उरलं नाही. मग कशासाठी अडवून ठेवायचं?"

त्या हंगामात त्या वाडीत आणखी मूल दगावल्याची वर्दी ठाण्यात आली नाही. याचे श्रेय कोणाच्या नावावर लिहावे, याचा रकाना आमच्या कोणत्याही नमुन्यात नव्हता.

त्यानंतर चोरीची फिर्याद लिहून घेताना मी एक प्रश्न जास्त विचारू लागलो: चोरीच्या आधी येथे काय घडले होते? उत्तर बहुधा मिळे. कागदावर ते कोठे लिहावे, हे मात्र मला निवृत्त होईपर्यंत कोणी सांगितले नाही.