लपवलेलं पान

कुवेतला मीना अल-अहमदीच्या रिफायनरीत होतो तेव्हा दर शुक्रवारी तिथले अमेरिकन इंजिनियर तेल शिंपडून दाबलेल्या वाळूवर बेसबॉल खेळायचे. समोर आम्ही हिंदुस्थानी. आमच्याकडून चेंडू फेकायचा रत्नागिरीकडचा एक क्रेनवाला. त्याचं नाव विचारायचं राहूनच गेलं. मेसमध्ये तो त्याच इंजिनियरांशी पत्त्यांचा पोकरही खेळायचा, पैशांऐवजी काडेपेटीच्या काड्या लावून. हातात एकही चांगलं पान नसलं की जास्तच निवांत बसायचा. मैदानातही चेंडू हातमोज्यात असा लपवायचा, जणू पानच.

एका शुक्रवारी शेवटी शेवटी तो नुसते हळू चेंडू टाकत राहिला. हात मात्र वेगवान चेंडूसारखाच फिरायचा. समोरचे घाईत बॅट फिरवून फसले आणि आम्ही जिंकलो.

मी त्याला चहा दिला. डाव्या हाताने पाण्याचा घोटही न घेणारा तो नमाजी माणूस, त्याने कप डाव्या हातात धरला. उजवा हात खांद्यापासून थरथरत होता.

"अशा हाताने फेकलंत कसं?"

"पान नाय म्हनून डाव सोडायचा काय?" तो म्हणाला. "कुनाला बोलू नका. फुडल्या जुम्म्याला परत हेंच्याशीच गाठ हाय."