पाठीवरची बटणं

जयवंत धुरी चारचौघांत बायकोबरोबर कधी चालला नाही. बायकोवर राग होता अशातला भाग नाही, उलट जीव होता. पण सिल्वासाच्या बाजारात दोघं निघाली की हा चार पावलं पुढे आणि उषा मागे. बघणाऱ्याला वाटावं, दोन परकी माणसं योगायोगाने एकाच दुकानात शिरली! तिला नावाने हाक मारायची तर बातच सोडा. "ऐकलंस का?" एवढं हवेत सोडून द्यायचं, जिला ऐकायचं तिने ऐकावं. कुडाळकडचं वळण, दुसरं काय. त्याच्या वडिलांनीही त्याच्या आईशी अर्धा संसार असाच हवेत बोलून केलेला.

फटफटीवर मात्र नाइलाज होता. राजदूतच्या सीटवर चार पावलांचं अंतर ठेवायचं कुठे? तरी तिथेही उषाने त्याच्या खांद्याला हात लावायचा नाही, मागची कडी धरायची, असा दोघांत न बोलता ठरलेला नियम होता. दोघांची नोकरी खानवेलला. तो वनखात्याच्या कचेरीत कारकून, ती मराठी शाळेत पहिलीच्या वर्गावर. बिऱ्हाड सिल्वासात, कारण म्हातारी आई, श्रुती आणि सुमित या दोन पोरांच्या शाळा, डॉक्टर, सगळं इथे. सकाळची बस खानवेलला पोचेपर्यंत शाळेतली प्रार्थना संपून पाढे सुरू झालेले असत. म्हणून रोज राजदूत. पुढे हा, मागे साडी सावरून डाव्या बाजूला पाय सोडून बसलेली ती.

उन्हाळा-हिवाळ्यात हे ठीक होतं. पण या भागातला पाऊस म्हणजे काय ते ज्याने खानवेलच्या वाटेवर दपाडा गावाच्या पुढे अंगावर घेतलाय त्यालाच विचारा. शहाऐंशीच्या पावसाळ्यात उषा रोज भिजली, ओल्या साडीत दिवसभर वर्गावर उभी राहिली आणि श्रावणात न्यूमोनियाने अंथरुणाला खिळली. वाचली, पण डॉक्टरांनी बजावलं, पुन्हा असं भिजणं परवडायचं नाही.

मग आईने कंबर कसली. म्हातारी वाईट नव्हती हं! सुनेच्या उशाशी तिनेच रात्री जागवल्या होत्या. म्हणूनच तिचं बोलणं मोडणं कठीण. "आम्ही डोक्यावर इरलं घेऊन दिवसदिवस लावणी केली," ती म्हणाली, "पण फटफटीवर बसून पावसाला कुणी आमंत्रण दिलं नाही. नोकरी पुरे झाली गो."

उषाचा चेहरा उतरला. पहिलीचा वर्ग म्हणजे तिचा प्राण. आसपासच्या पाड्यांवरून येणारी वारली नि कोकणा मुलं पहिले आठ दिवस दाराशीच उभी राहायची, आत यायची नाहीत. त्यांना गोडीगुलाबीने आत आणायचं, ओटीत बसवून पाटीवर 'ग' काढायला शिकवायचं, हे तिने मन लावून केलेलं काम होतं. शेवटी तोड निघाली. येता पावसाळा बघायचा. गणपतीपर्यंत उषाने एकदा जरी अंथरूण धरलं, तर राजीनामा. उषा कबूल झाली. रात्री स्वयंपाकघरात, पोरं झोपल्यावर, जयवंत भांड्यांकडे बघत म्हणाला, "तुला भिजू देणार नाही मी." एवढं लांबलचक प्रेमाचं वाक्य त्याने लग्नानंतर पहिल्यांदाच उच्चारलं होतं.

आणि मग त्याने रेनकोटाचा असा काही ध्यास घेतला की विचारू नका! मे महिन्यापासून ललितभाईच्या दुकानात त्याच्या खेपा सुरू झाल्या. बायकांचे रेनकोट होते, नाही असं नाही, पण ते फुलाफुलांचे, प्लास्टिकचे, गुडघ्याच्या वरच संपणारे. बाजारात भाजी आणायला ठीक. फटफटीच्या वाऱ्याला आठ दिवसांत चिंध्या. विजारीचा सूट साडीवर चढायचा कसा? पंजाबी ड्रेस घालून शाळेत गेली असती, तर मुख्याध्यापकांनाच न्यूमोनिया झाला असता. शेवटी ललितभाईने वरच्या फळीवरून काळा, जाडजूड, घोट्यापर्यंत लांब रबरी कोट काढला. "साहेब, आ जुओ. एकदम मिलिटरी माल छे. हाथी बेसाडो तोपण नहीं फाटे."

हत्ती बसवून कोण बघणार? कोट पुरुषी होता, पण लांबरुंद होता. साडीसकट उषा त्यात मावली असती. जयवंतने एकसारखे दोन घेतले.

आणलेला माल तपासल्याशिवाय वापरेल तो जयवंत कसला? कोटाच्या बाह्या गाठ मारून त्यात पाणी भरलं आणि रात्रभर दोरीवर टांगल्या. थेंब गळला नाही. रविवारी अंगणात राजदूत स्टँडवर लावली, उषाला कोट घालून मागे बसवलं आणि स्वतः स्टुलावर चढून झारीने तिच्या डोक्यावर पाणी ओतू लागला. गल्लीतली पोरं जमली. समोरच्या मंजुळाबाई धुणं टाकून बघायला आल्या. "धुरीभाऊ, अभिषेक आहे की काय?" उषा हसून हसून बेजार. पण कोट उतरवला तेव्हा साडीवर डाग म्हणून नव्हता. जयवंतने छाती फुगवून आईकडे पाहिलं. आई आत निघून गेली.

जूनच्या मध्यावर शाळा उघडली, पाऊस धरला, आणि पहिल्याच दिवशी खानवेलला उषा उतरली ती मांड्यांपासून पावलांपर्यंत चिंब. पाठ कोरडी, खांदे कोरडे आणि ओटीत तळं! जयवंत तर आतल्या बनियनपर्यंत खडखडीत. दोन्ही कोट एका थानातले, एकाच शिंप्याचे, मग घोडं पेंड खातंय कुठं? त्याने शिवणींवर मेणबत्ती घासली. पंक्चरवाल्याकडून सोल्युशन आणून काखेत चोपडलं. रविवारी पुन्हा झारी, पुन्हा पास. सोमवारी पुन्हा नापास. बिचाऱ्याच्या नाकी नऊ आले.

उषाने शाळेच्या कपाटात एक जादा साडी ठेवली आणि घरी तोंड मिटून राहिली. पण ओली साडी पिशवीतून घरीच यायची ना? दोरीवर ती बघून आई एवढंच म्हणाली, "सकाळी गेलेली साडी संध्याकाळी दोरीवर कशी?" जुलैत उषा शिंकायला लागली, मग खोकायला. आईने आल्याचा काढा पुढे केला आणि कॅलेंडरावर गणपती कधी आहेत ते बघितलं. त्या रात्री जयवंतला जेवण गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी दपाडा ओलांडला आणि आभाळ फाटलं. उषाचा एक हात कडीवर, दुसऱ्याने ती कोटाची कड मांडीवर दाबून धरत होती. हात जरा सैल पडला की कड फडफडून उठायची आणि पाणी आत. तिने पुन्हा धरली, पुन्हा सुटली. आणि एकदम तिच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला.

"अहो, थांबवा!" ती ओरडली. "थांबवा म्हणते ना!"

जयवंतने सागाच्या झाडाखाली गाडी घेतली. त्याला वाटलं, तिला चक्कर आली.

"तुम्ही पुढे तोंड करून बसता, मी आडवी बसते," उषा पावसाच्या वरताण आवाजात म्हणाली. "वारा मला उजवीकडून लागतो. आणि या मेल्या पुरुषी कोटाची फट उजवीकडेच उघडते! वारा ती उचलतो आणि पाणी थेट माझ्या ओटीत. अंगणात कसं कळणार? तिथे गाडी उभी, वारा कुठला!"

जयवंत बघतच राहिला. इतके दिवस त्याने पाण्याचा बंदोबस्त केला आणि वाऱ्याला विसरला! ज्याच्या पाठीमागे माणूस भिजतं त्याला ते कधी दिसत नाही, हेच खरं. "शिंप्याकडून बटणं दुसऱ्या बाजूला..." तो पुटपुटला.

"रबराला नवी भोकं पाडली की तिथून गळणार. ते राहू द्या." बोलता बोलता तिने कोट उतरवला, फिरवला आणि उलटा अंगात घातला. समोर सलग रबर, फट गेली पाठीवर. मग त्याच्याकडे पाठ करून उभी राहिली. "लावा."

"काय?"

"बटणं! माझे हात पोचतात का मागे?"

भर रस्त्यात, बायकोच्या पाठीला हात लावून बटणं लावायची! जयवंतने इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. रस्ता मोकळा होता. त्याने वरचं बटण लावलं, दुसरं लावलं, आणि तेवढ्यात, दुष्काळात तेरावा महिना, समोरून खानवेलहून येणारी बस वळणावर उगवली. बस हळू झाली. खिडक्यांना नाकं चिकटली. आतून कोणीतरी शीळ घातली. जयवंतचे कान लाल झाले. हात मागे घ्यावा असं त्याला मनापासून वाटलं. तेवढ्यात उषा खोकली. छातीतून आलेला खोल खोकला. गेल्या श्रावणातला. त्याने हात मागे घेतला नाही. शेवटचं बटण लावलं, कॉलर नीट केली आणि मगच गाडीला किक मारली.

शाळेच्या फाटकाशी रोज तो तिला मान न वळवता सोडायचा. आज उतरावं लागलं. ओसरीवर मुख्याध्यापक, शिपाई काळू आणि दोन-चार पालक उभे होते. त्या सगळ्यांच्या देखत त्याने एकेक बटण काढलं. उषाने कोट झटकला आणि साडीच्या निऱ्या हातात धरून त्याच्यासमोर केल्या. कोरड्या! घडी मोडलेली नव्हती. पावसात उभा होता म्हणून बरं, डोळ्यांतलं पाणी कुणाला ओळखू आलं नाही.

तेव्हापासून रोज सकाळी गल्लीत हा सोहळा सुरू झाला. मंजुळाबाई आपल्या नवऱ्याला मुद्दाम दारात उभं करून दाखवायच्या, "बघा, शिका काहीतरी!" पोरं खिदळायची. कचेरीत तर त्याचं नावच पडलं, बटणवाले धुरी. जयवंत खाली मान घालून वरून खालपर्यंत बटणं लावत जायचा. खोकला हळूहळू उतरला. जादा साडी कपाटातच पडून राहिली. गणपती दोन दिवसांवर आले, त्या सकाळी उशीर झाला म्हणून तो घाईघाईने किक मारायला गेला, तर दारातून आईचा आवाज आला, "जयवंता, वरचं बटण राहिलं रे." राजीनाम्याचा विषय त्या घरात पुन्हा निघाला नाही.

पुढे आई गेली. नव्वद साल उलटलं, रस्त्याला कारखान्यांचे ट्रक वाढले, शाळेत पंजाबी ड्रेस चालू लागला. श्रुती मुंबईला नोकरीला लागली आणि सत्त्याण्णवच्या जूनमध्ये पहिल्या पगारातून आईसाठी रेनसूट घेऊन आली. निळा, हलका, विजारीसकट, पुढे चेन आणि चेनीवर पट्टी. जयवंतने स्टुलावर चढून झारीने पाणी ओतलं, वर टेबलफॅन बाहेर काढून वाराही घातला. "फार उत्तम," तो म्हणाला. "चेन तर काय, एका हाताने लागते." मग झारी जागेवर ठेवायला आत गेला तो बराच वेळ बाहेर आला नाही.

सोमवारी पाऊस लागला होता. जयवंतने राजदूत बाहेर काढली आणि आरसा पुसत उभा राहिला. पुसून झाला तरी पुसत राहिला, हातांना दुसरं काम नव्हतं. उषा बाहेर आली. अंगात तोच काळा कोट, कोपरांवर पांढुरका पडलेला, उलटा घातलेला.

"आई, अगं नवा सूट?" श्रुती दारातून म्हणाली.

"तो तू मुंबईला ने. तिकडे तुला लावून द्यायला कोण आहे?" उषा म्हणाली आणि नवऱ्याकडे पाठ करून उभी राहिली. समोर मंजुळाबाई दारात होत्याच. जयवंतने फडकं खाली ठेवलं, पुढे झाला, आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला,

"उषा, जरा सरळ उभी राहा."

उषाने चमकून मागे पाहिलं. मग ती सरळ उभी राहिली.